क्युरी तापमान ३१२ अंश, मग चुंबक १२०लाच का गेला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बाहेरून फिरणाऱ्या रोटरची छोटी बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर स्वतः बनवली आहे. पोलादी कडीच्या आतून २० × ८ × ३ मिमीचे एन ५२ दर्जाचे निओडिमियम चुंबक चिकटवले आहेत, हवेची फट दीड मिमी आहे. इपॉक्सी ओव्हनमध्ये ८० अंशांना पक्कं केलं. सुरुवातीला मोटर छान चालली. मग पूर्ण लोडवर बराच वेळ चालवली, थर्मल कॅमेऱ्यात १२० अंश दिसले, आणि थंड झाल्यावरही गेलेला टॉर्क परत आला नाही. तुम्ही विचारताय की क्युरी तापमान, म्हणजे चुंबकत्व पूर्ण संपण्याचं तापमान, ३१२ अंशांच्या आसपास असताना १२०ला काय बिघडलं, चुंबक बनावट होते का, आणि आता एन ५५ घ्यावा की रेअर अर्थ (निओडिमियम, डिस्प्रोसियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं) नसलेल्या नव्या चुंबकांच्या ज्या बातम्या येतात त्यांची वाट पाहावी.

बनावट मालाची शंका मी सगळ्यात शेवटी घेईन. मी कायम चुंबकांच्या मोजमापाचं आणि बिघाड शोधण्याचं काम करतो, आणि अशा तक्रारींमध्ये माल बहुतेक वेळा खराच निघतो. फक्त त्या कामाचा नसतो. एन ५५ घेतलात तर हेच पुन्हा होईल, कदाचित थोडं लवकर.

खरा घोटाळा ‘ताकद’ या एका शब्दात सगळं कोंबल्यामुळे होतो. चुंबकाचे निदान दोन वेगळे गुण बघावे लागतात. पहिला रेमनन्स: बाहेरचं क्षेत्र काढून घेतल्यावर पदार्थात किती चुंबकत्व शिल्लक राहतं, हे टेस्लामध्ये. दुसरा कोअर्सिव्हिटी: उलट दिशेचं किती क्षेत्र लावल्यावर ते चुंबकत्व कोलमडतं. ट्रकच्या भाषेत बोलायचं तर रेमनन्स म्हणजे इंजिन किती माल ओढतं आणि कोअर्सिव्हिटी म्हणजे घाटात ब्रेक किती धरतात. एन ५२मधला ५२ हा आकडा ऊर्जा गुणाकाराचा, म्हणजे चुंबक जास्तीत जास्त किती चुंबकीय ऊर्जा देऊ शकतो त्याचा, मेगागॉस-ओर्स्टेड या एककात दिलेला. तो जवळजवळ पूर्णपणे रेमनन्सवर ठरतो, आणि तोही २० अंश तापमानाचा असतो. ब्रेकबद्दल तो काहीच सांगत नाही. ब्रेकची माहिती त्या आकड्यानंतर येणाऱ्या अक्षरांत असते: एम, एच, एसएच, यूएच, ईएच. तुमच्या चुंबकावर ५२च्या पुढे अक्षरच नाही. म्हणजे त्या कुळातली सर्वांत कमी कोअर्सिव्हिटी.

क्युरी तापमानाचा मुद्दा इथेच मिटवू. त्या तापमानाला पदार्थातली चुंबकीय शिस्तच संपते. पुढे चुंबकत्व टिकण्याचा प्रश्नच उरत नाही. पण कोअर्सिव्हिटी त्याच्या कितीतरी आधी मान टाकते. निओडिमियम-लोह-बोरॉनच्या स्फटिकात दोन मूलद्रव्यांनी कामं वाटून घेतलेली आहेत. चुंबकत्वाचा मोठा भाग लोह देतं. ते चुंबकत्व स्फटिकाच्या एकाच अक्षाला धरून ठेवण्याचं काम मुख्यतः निओडिमियमचं. त्याच्या आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, आणि आजूबाजूच्या अणूंचं विद्युतक्षेत्र त्याला विशिष्ट दिशेत अडकवून ठेवतं. तापमान वाढलं की ही अडकवणूक आधी सैल होते. लोहाची शिस्त बराच काळ टिकते. त्यामुळे १२० अंशांना चुंबकत्व थोडंच कमी झालेलं असतं, पण ते जागेवर धरून ठेवणारी पकड निम्म्याहून जास्त गेलेली असते.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशेब करून बघू. सोयीसाठी दोन्ही गोष्टी टेस्लामध्ये घेतो. एन ५२चा रेमनन्स साधारण १.४५ टेस्ला, आणि हमी दिलेली कोअर्सिव्हिटी ११ किलोओर्स्टेड, म्हणजे १.१ टेस्ला. तापमानाच्या दर अंशाला रेमनन्स सुमारे ०.१२ टक्के घटतो, कोअर्सिव्हिटी सुमारे ०.६ टक्के. २०वरून १२०वर गेलात की रेमनन्स १२ टक्के उतरून १.२८ टेस्लावर येतो. कोअर्सिव्हिटी मात्र ६० टक्के उतरते: ०.४४ टेस्ला.

प्रत्येक चुंबक स्वतःच्याच विरोधात एक क्षेत्र तयार करतो. ते किती, हे आकारावर आणि भोवतालच्या लोखंडावर ठरतं. चुंबकनाच्या दिशेत लांब असलेल्या कांडीला हा त्रास फार कमी, पातळ चकतीला भरपूर. डिझाइनमध्ये आपण हे परमिअन्स कोइफिशंट नावाच्या आकड्यात पकडतो. मागे पोलाद आणि समोर स्टेटर (मोटरचा कॉइल असलेला स्थिर भाग) असेल तर त्याची पहिली ढोबळ किंमत म्हणजे चुंबकाची जाडी भागिले हवेची फट. तुमच्याकडे ३ भागिले १.५, म्हणजे २. स्वतःचं विरोधी क्षेत्र काढायचं तर त्या तापमानाच्या रेमनन्सला, म्हणजे चुंबकत्वाला, परमिअन्स कोइफिशंट अधिक एक या आकड्याने भागायचं. १.२८ भागिले ३: ०.४३ टेस्ला.

म्हणजे १२० अंशांना चुंबकाची सहनशक्ती ०.४४, आणि कॉइलमधून एक अँपिअरही न जाता त्याच्यावर पडणारा भार ०.४३. पूर्ण लोडवर कॉइलचं क्षेत्र यात भर घालतं. ते सगळीकडे सारखं नसतं. प्रत्येक चुंबकाच्या एका कडेला ते मदत करतं आणि दुसऱ्या कडेला विरोध. म्हणून चुंबक सहसा संपूर्ण एकदम जात नाही, एक कड आधी जाते. तेवढी कड गेली की फ्लक्स, म्हणजे चुंबकाकडून कॉइलपर्यंत पोचणारा एकूण चुंबकीय प्रवाह, कमी, तेवढ्याच टॉर्कसाठी करंट जास्त, करंट जास्त म्हणून उष्णता जास्त आणि विरोधी क्षेत्रही जास्त, की पुढची कड. बराच वेळ लोडवर ठेवल्यावर टॉर्क उतरत गेला, हे वर्णन या साखळीशी जुळतं.

हे आकडे ढोबळ आहेत, हे इथेच सांगतो. विरोधी क्षेत्र वाढवत नेल्यावर चुंबकत्व कसं घटतं हे दाखवणाऱ्या प्रत्यक्ष वक्राला गुडघा, म्हणजे एकदम खाली वळणारी जागा, असतो आणि घसरण कोअर्सिव्हिटीच्या थोडी आधीच सुरू होते. गळतीचा फ्लक्स मी धरलेला नाही. शिवाय १२० अंश कुठे मोजलेत, यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्या रचनेत वाइंडिंग आत आणि चुंबक बाहेर, वाऱ्यावर. कॅमेऱ्याला वाइंडिंगचं टोक दिसत असेल तर चुंबक त्याहून बरेच थंड असू शकतात. चकचकीत पोलादी कडी दिसत असेल तर उलट शंका: चकचकीत धातूवर थर्मल कॅमेरा कमी तापमान दाखवतो, म्हणजे चुंबक १२०च्याही वर गेले असतील. काळ्या टेपचा तुकडा लावून मोजा. चुंबकात स्वतःमध्येही उष्णता तयार होते. निओडिमियम चुंबक वीजवाहक आहे, ड्राइव्हरच्या हाय फ्रिक्वेन्सी स्विचिंगने त्यात भोवरा प्रवाह फिरतात. मोठ्या मोटरमध्ये त्यासाठी चुंबक तुकड्यांत कापून वापरतात. तुमच्या आकारात हा भाग बहुधा छोटा असेल.

यापेक्षा मला खटकतोय तो तुमचा ओव्हन. याकडे लोक लक्षच देत नाहीत, कारण ८० हा आकडा निरुपद्रवी वाटतो आणि कॅटलॉगमध्येही कधी कधी ‘कमाल ८० अंश’ असं छापलेलं असतं. पण ते ८० एका गृहीत आकारासाठी असतात. तुमचा चुंबक सुटा, ट्रेवर ठेवलेला आहे असं समजा. ३ मिमी जाडीच्या दिशेने चुंबकित केलेला पातळ ठोकळा, मागे पोलाद नाही, समोर स्टेटर नाही. त्याचा परमिअन्स कोइफिशंट अर्धा-पाऊणच्या आसपास येतो, म्हणजे रेमनन्सचा साठ-पासष्ट टक्के भाग त्याच्याच अंगावर विरोधी क्षेत्र म्हणून उभा राहतो. ८० अंशांना रेमनन्स सुमारे १.३५, विरोधी क्षेत्र ०.८५च्या आसपास, आणि कोअर्सिव्हिटी उरलेली ०.७. म्हणजे मोटर एकदाही न चालवता, नुसत्या डिंक वाळवण्याच्या कार्यक्रमात चुंबक काही प्रमाणात गेला.

कडीत बसवून ओव्हनमध्ये ठेवले असतील तर चित्र सुधारतं. मागचं पोलाद आरशासारखं वागतं, चुंबक जणू दुप्पट जाड होतो, आणि शेजारच्या उलट ध्रुवांचीही मदत मिळते. तरी ती सीमारेषाच आहे. ‘सुरुवातीला छान चालली’ असं तुम्ही म्हणता, ते छान कशाच्या तुलनेत? डिझाइनमध्ये काढलेल्या टॉर्क स्थिरांकाशी पडताळलं नसेल, तर ती पहिली चाचणीसुद्धा आधीच काही गमावलेल्या चुंबकांची असू शकते. मी असतो तर पोलाद आणि स्टेटर दोन्ही जागेवर असताना इपॉक्सी पक्कं केलं असतं, किंवा खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं वापरलं असतं. तिसरा मार्ग म्हणजे चुंबकित न केलेले ठोकळे चिकटवून पूर्ण रोटर नंतर चुंबकित करणं. कारखान्यांत बरेचदा हेच करतात, पण त्याला खास फिक्स्चर लागतं.

आता नुकसान कुठल्या जातीचं आहे ते ठरवायला हवं. तापमानामुळे होणारी घट तीन प्रकारची. पहिली उलटण्याजोगी: गरम असताना कमी, थंड झाल्यावर आपोआप परत. तुमची ती नाही. दुसरी, थंड झाल्यावर परत न येणारी, पण पुन्हा चुंबकित केल्यावर पूर्ण भरून निघणारी. यात पदार्थ शाबूत असतो, फक्त काही भागांची दिशा उलटलेली असते. तिसरी कायमची, म्हणजे ऑक्सिडेशन किंवा अंतर्गत रचनेतला बदल. तिला औषध नाही. १२० अंशांना काही तासांत, निकेलचा थर अखंड असेल तर तिसरी होत नाही. तुमची घट दुसरी आहे असं मी धरून चालतो.

याची खात्री करायला महाग उपकरण लागत नाही. मोटर न उघडता ड्राइव्हरपासून आणि लोडपासून सुटी करा, ड्रिलला जोडून ठरावीक वेगाने फिरवा आणि दोन फेजमधला व्होल्टेज मोजा. हा बॅक ईएमएफ फ्लक्सच्या सरळ प्रमाणात असतो, त्यामुळे आधीच्या किंवा डिझाइनमधल्या आकड्याशी ताडलं की किती टक्के फ्लक्स गेला ते थेट कळतं. ऑसिलोस्कोप असेल तर पूर्ण एक फेरा बघा: सगळी शिखरं सारखीच खाली आली असतील तर उष्णता सगळ्यांना समान लागली, एखाद-दोनच खाली असतील तर तो चुंबक सदोष असू शकतो किंवा त्या जागी हवेची फट वेगळी आहे. दोन्ही वेळा तापमान सारखं ठेवा, कारण उलटण्याजोगी घटसुद्धा दर दहा अंशांना टक्काभर असते. आणखी एक लक्षण तुमच्या लक्षात आलं असेल: त्याच व्होल्टेजला, लोड नसताना मोटर आता पूर्वीपेक्षा जोरात फिरते. लोक याला सुधारणा समजतात. फ्लक्स गमावल्याची ती उघड खूण आहे.

गॉसमीटरने चुंबकाच्या पृष्ठभागावर टेकवून मोजलेल्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. हॉल प्रोब अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला, थोडा तिरका बसला, की वाचन बदलतं. मध्यभागी एक आणि कडेला दुसरंच मिळतं. ‘एन ५२ म्हणजे १.४५ टेस्ला, आणि मला तर ०.३च दिसतं, म्हणजे माल खोटा’ हा निष्कर्ष मी सारखा ऐकतो. रेमनन्स हा बंद चुंबकीय परिपथातला आकडा आहे. सुट्या, पातळ चुंबकाच्या पृष्ठभागावर तो कधीच दिसणार नाही. त्याच खेपेतला न वापरलेला चुंबक शिल्लक असेल तर दोघांना एकाच जिगमध्ये ठेवून तुलना करा. पुरवठादाराशी वाद घालायचाच असेल तर हेल्महोल्ट्झ कॉइल आणि फ्लक्समीटरने पूर्ण चुंबकीय मोमेंट मोजून घ्या, किंवा हिस्टेरिसिसग्राफ या विचुंबकन वक्र काढणाऱ्या यंत्रावर गरम स्थितीतला वक्र काढून घ्या. दुसरी चाचणी तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देते.

मग काय घ्यायचं? तुमच्या आकड्यांवर मी एन ४२ एसएचपासून सुरुवात करेन. रेमनन्स १.३ टेस्ला, म्हणजे थंड असताना एन ५२पेक्षा दहाएक टक्के कमी. कोअर्सिव्हिटी मात्र किमान २० किलोओर्स्टेड, २ टेस्ला. १२० अंशांना तिची निम्म्याहून अधिक गेली तरी ०.९च्या आसपास उरते, आणि चुंबकाचं स्वतःचं विरोधी क्षेत्र ०.३८. कॉइलसाठी अर्धा टेस्ला मोकळा. तुम्ही दहा टक्के फ्लक्स देऊन हे विकत घेताय, आणि त्यातलाही काही भाग फट दीडवरून एक मिमीवर आणून परत मिळवता येतो. फट कमी झाली की परमिअन्स कोइफिशंट तीन होतो, म्हणजे चुंबकावरचा भारही उतरतो. खरं तर चुंबकाचा दर्जा बदलण्याआधी फटीकडे बघायला हवं. दर्जा बदलणं सोपं वाटतं म्हणून आपण आधी तिकडे जातो.

तापमान खरोखर २०० अंशांच्या पुढे जाणार असेल तर समॅरियम-कोबाल्ट, त्यातला २:१७ प्रकार. त्याचा रेमनन्स एक टेस्लाच्या थोडा वर, पण तापमानाबरोबर दोन्ही गुण फार हळू घसरतात, आणि ३०० अंशांपर्यंत तो निवांत असतो. ठिसूळ आहे, कडा सहज उडतात, बसवताना हातोडी लांब ठेवा. फेराइटबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती उलटी आहे: त्याची कोअर्सिव्हिटी तापमानाबरोबर वाढते. फेराइटच्या मोटरला धोका गरम झाल्यावर नसतो, कडाक्याच्या थंडीत पहिल्या झटक्याला पूर्ण करंट दिला तर असतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, नव्या पदार्थांची वाट बघण्याचा. तो तुमच्या मोटरपासून तुटक वाटेल, पण अडचण तीच आहे.

निओडिमियम-लोह-बोरॉन १९८३मध्ये जगापुढे आलं. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट, दोघांनी स्वतंत्रपणे. या संयुगाचा सैद्धांतिक कमाल ऊर्जा गुणाकार ६४ मेगागॉस-ओर्स्टेड. बाजारातला एन ५२ त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचलेला आहे. म्हणजे रेमनन्सच्या बाजूने आता फार काही मिळवायचं राहिलेलं नाही. कोअर्सिव्हिटीच्या बाजूला उलट स्थिती आहे. स्फटिकाच्या गुणधर्मांवरून हिशेब केला तर सात टेस्लाहून जास्त विरोधी क्षेत्र सोसायला हवं. डिस्प्रोसियम न घातलेला सिंटर केलेला (पूड दाबून, तापवून घट्ट केलेला) चुंबक प्रत्यक्षात सोसतो एक-सव्वा टेस्ला. सहाव्या हिश्श्याच्या आसपास! सिद्धांत आणि प्रत्यक्ष यांतलं हे अंतर विल्यम फुलर ब्राउन यांनी १९४०च्या दशकातच दाखवून दिलं होतं आणि त्याला ब्राउनचा विरोधाभास म्हणतात. गेली चाळीस वर्षं या क्षेत्रातलं निम्मं संशोधन या एका फटीत चाललं आहे, असं मी म्हणेन.

कारण असं, की दिशा उलटण्याची सुरुवात सगळ्यात कमकुवत जागेवरून होते, सरासरी जागेवरून नाही. सिंटर केलेला चुंबक म्हणजे काही मायक्रॉन आकाराचे कण, आणि त्यांच्यामध्ये निओडिमियम जास्त असलेला दोन-तीन नॅनोमीटरचा पातळ पापुद्रा. हा पापुद्रा चुंबकीय नसावा, म्हणजे एक कण उलटला तरी शेजारचा अलिप्त राहील, अशी अपेक्षा. अॅटम प्रोबने अणू मोजून बघितल्यावर त्या पापुद्र्यात भरपूर लोह सापडलं. म्हणजे भिंत होती, पण तीतून निरोप पलीकडे जात होता. कणांच्या कोपऱ्यांवर स्थानिक विरोधी क्षेत्र जास्त, पृष्ठभागाच्या अणूंची मांडणी बिघडलेली. उलटणं तिथून सुरू होतं आणि पसरतं.

यावरचे उपाय मी वर सुचवलेल्या एसएच दर्जाच्या चुंबकात प्रत्यक्ष वापरलेले असतात. जुना उपाय डिस्प्रोसियमचा. थोडं निओडिमियम काढून डिस्प्रोसियम घातलं की पकड घट्ट होते, पण डिस्प्रोसियमचं चुंबकत्व लोहाच्या उलट दिशेत उभं राहतं, म्हणून रेमनन्स पडतो. ‘५२ यूएच का मिळत नाही’ असं बरेच जण विचारतात, त्याचं मूळ इथे आहे. नवा उपाय कणसीमेतून विसरणाचा. तयार चुंबकावर डिस्प्रोसियम किंवा टर्बियमचा लेप देऊन सुमारे ९०० अंशांना तासन्‌तास ठेवतात. ते मूलद्रव्य कणांच्या सीमांमधून आत झिरपतं आणि प्रत्येक कणाला बाहेरून एक पातळ कवच मिळतं. गाभा तसाच राहतो. जिथे उलटणं सुरू होतं तिथेच पैसा खर्च केल्यासारखं. यामुळे थोडक्या डिस्प्रोसियममध्ये काम भागतं आणि रेमनन्स जवळपास टिकतो. मर्यादा अशी की झिरपणं काही मिलिमीटरच पोचतं, म्हणून जाड ठोकळ्यांना ही पद्धत चालत नाही. तुमच्या ३ मिमीला चालते. पुरवठादाराला विचारा, अशा चुंबकात एसएचची कोअर्सिव्हिटी आणि ४२पेक्षा वरचा आकडा एकत्र मिळू शकतो.

तिसरा मार्ग कण बारीक करण्याचा. कण लहान, तर कोअर्सिव्हिटी जास्त. कागदावर सोपं आहे. पण ही पूड तीन-पाच मायक्रॉनची असतानाच हवेत आपोआप पेट घेऊ शकते. एक मायक्रॉनवर नेली की साठवणं, दाबणं, सगळं निष्क्रिय वायूतच करावं लागतं, आणि जरा ऑक्सिजन शिरला तर बारीक करून मिळवलेला फायदा ऑक्साइडमध्ये जातो. गरम दाबून आकार देण्याच्या पद्धतीत काहीशे नॅनोमीटरचे कण राखता येतात, तिथे डिस्प्रोसियमशिवायही चांगले आकडे मिळाले आहेत. चीनने २०१०मध्ये रेअर अर्थची निर्यात आवळली आणि एप्रिल २०२५मध्ये डिस्प्रोसियम, टर्बियम, समॅरियमसह सात मूलद्रव्यांवर निर्यात परवाने लावले. या कामांना पैसा आणि घाई का आहे, ते यावरून समजेल.

आणि रेअर अर्थ नसलेले? लोह-निकेलचं टेट्राटेनाइट उल्कांमध्ये सापडतं. त्यात लोह आणि निकेलचे अणू एकाआड एक थरांत बसतात आणि त्यामुळे चुंबकत्वाला एक पक्का अक्ष मिळतो. पण ही मांडणी सुमारे ३२० अंशांच्या खालीच स्थिर असते, आणि त्या तापमानाला अणू इतके हळू सरकतात की उल्केला ते जमवायला लाखो वर्षं मिळाली होती. लोह नायट्राइडचं चुंबकत्व उत्तम, पण अक्षाची पकड मुळातच कमी. मँगनीज-बिस्मथची कोअर्सिव्हिटी फेराइटसारखी तापमानाबरोबर वाढते, जे मोटरवाल्याला ऐकायला फार गोड लागतं. मात्र चुंबकत्व निओडिमियमच्या निम्म्याच्या आसपास. रेअर अर्थ असलेलंच पण निओडिमियम नसलेलं समॅरियम-लोह-नायट्राइड १९९०मध्ये आलं. त्याचा अक्ष निओडिमियमवाल्यापेक्षाही घट्ट आणि क्युरी तापमान ४७० अंशांच्या वर. पण सुमारे ६०० अंशांच्या पुढे ते विघटित होतं, आणि सिंटरिंगला हजार अंश लागतात. म्हणून ते मुख्यतः प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या पुडीच्या स्वरूपात वापरलं जातं, आणि मिसळल्यामुळे रेमनन्स पातळ होतो.

म्हणून अशी बातमी वाचताना मी तीन गोष्टी शोधतो. कोअर्सिव्हिटी दिली आहे का, की नुसतं चुंबकत्व? ती १५० अंशांना मोजली आहे का? आणि नमुना हातात धरण्याजोगा होता, की काचेवरची काही नॅनोमीटरची फिल्म? बहुतेक बातम्या पहिल्याच प्रश्नाला थांबतात. एन ५२चं लेबल वाचून तुम्ही जो तर्क केलात, तोच तिथे वेगळ्या पातळीवर केलेला असतो. तुमच्या मोटरसाठी तरी वाट बघण्यासारखं यात काही नाही.

नवी ऑर्डर देताना ‘कमाल तापमान’ विचारू नका. २०, ८०, १२० आणि १५० अंशांचे विचुंबकन वक्र मागा, आणि त्यांवर तुमची लोड लाइन, म्हणजे तुमच्या परमिअन्स कोइफिशंटची रेषा, स्वतः ओढा. सॉफ्टवेअरमध्ये तपासताना चुंबक सर्वांत गरम आणि करंट सर्वांत जास्त, ही दोन्ही संकटं एकाच वेळी घाला. रोटर अडकून ड्राइव्हरने पूर्ण करंट सोडला तर काय, हेही बघा. टॉर्क स्थिर राहणं महत्त्वाचं असेल तर पूर्ण जुळवलेला रोटर स्टेटरसकट अपेक्षित कमालपेक्षा दहा-पंधरा अंश वर एकदा तापवून घ्या. जी काही थोडी घट व्हायची ती तेव्हाच होऊन जाते, नंतर आकडा हलत नाही.

जुने चुंबक फेकू नका. ते पुन्हा चुंबकित करता येतात, पण त्याला अडीच-तीन टेस्लाची स्पंद लागते. ती कपॅसिटर बँकेतून देतात आणि घरी जमवायची गोष्ट नाही. जिथे मॅग्नेटायझर आहे तिथे पाठवा. पूर्ण फ्लक्स परत आला तर बनावट मालाचा प्रश्नही निकालात निघेल. ते एन ५२ थंड राहणाऱ्या कामाला, सेन्सरला किंवा पकडीला उत्तम आहेत.

मला अजून काही गोष्टी कळवा: ओव्हनमध्ये चुंबक सुटे होते की कडीत, कडीची जाडी किती, आणि ड्राइव्हरचा पीक करंट व प्रत्येक दातावरचे वेढे किती. कडी पातळ असेल तर ती संपृक्त होऊन, म्हणजे आणखी फ्लक्स वाहून नेणं तिला जमेनासं होऊन, परमिअन्स कोइफिशंट मी धरलेल्या दोनपेक्षा खाली गेला असेल, आणि मग वरचा सगळा हिशेब आणखी वाईट होईल. रोटर उघडण्याआधी बॅक ईएमएफ तेवढा मोजून ठेवा. चुंबक एकदा खरवडून काढले की तो आकडा पुन्हा मिळणार नाही.